सात दिवसांची शांतता





मागच्या महिन्यात मिस्सा संपल्यावर एका बहिणीने मला दारातच अडवले. "टीचर, तुम्ही मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग घेता हे ठाऊक आहे. पण विमानांच्या कुठल्याशा ग्रुपच्या तुम्ही अ‍ॅडमिन आहात म्हणे, ते खरं का?" मी हसून हो म्हटले. मग ती म्हणाली, "बी.ए. मराठी आणि विमानं? जमतं का हो?" त्या वेळी उत्तर टाळले. आज ते सविस्तर लिहिते, कारण त्यात माझी एक चूक आहे आणि ती तुमच्यापासून लपवून ठेवण्यात अर्थ नाही.

हुमनाबादला राहणाऱ्या माणसाला विमानांचे वेड लागणे फारसे अवघड नाही. बीदरचा वायुसेनेचा तळ आपल्यापासून सुमारे 50 किलोमीटरवर. तिथे तरुण वैमानिकांना लढाऊ विमानांचे प्रशिक्षण मिळते. नऊ विमाने एकमेकांना जवळजवळ चिकटून उडवणारा 'सूर्यकिरण' हा चमू 1996 मध्ये बीदरलाच सुरू झाला. लहानपणी आवाज आला की आम्ही पाटी टाकून अंगणात धावायचो, आणि विमान दिसेपर्यंत ते पुढे निघून गेलेले असायचे. मग नोव्हेंबर 2019 मध्ये कलबुर्गीचा विमानतळ सुरू झाला आणि फेब्रुवारी 2020 मध्ये बीदरहून बंगळुरूला प्रवासी विमान उडाले. माझ्या वर्गातल्या मुलांना घेऊन मी बीदरला गेले होते. कुंपणाबाहेरून विमान पाहिले, वाटेत भजी खाल्ली, परत आलो. त्या सहलीचे फोटो पाठवायला जो ग्रुप केला, तोच पुढे वाढत गेला. आज त्यात दीडशेच्या आसपास माणसे आहेत. हुमनाबाद, बीदर, भालकी, बसवकल्याण, उदगीर, लातूर, सोलापूर, काही पुण्यात नोकरीला गेलेली. मराठी बोलणारी, कन्नड बोलणारी, घरी दखनी बोलणारी. चर्चमधली मुले त्यात आता दहा-बाराच असतील.

अ‍ॅडमिनचे काम म्हणजे काय? रोजचे काम साधे असते. वायुसेनेच्या तळाचे फोटो कोणी टाकले की ते काढायला लावणे, कारण संरक्षण खात्याच्या जागेचे फोटो काढायला बंदी आहे. सकाळी फुलांचे आणि सुविचारांचे संदेश येतात, त्यांना हात जोडणे. बोइंग चांगले की एअरबस यावर रात्री साडेअकराला जुंपलेले भांडण मिटवणे. कोणी कोणाच्या भाषेवर घसरले की दोघांना वेगवेगळे फोन करणे. रविवारचा वर्ग सांभाळण्यासारखेच आहे हे, असे मला वाटायचे. मुले शांत बसली की टीचरचे काम झाले.

मग 12 जून 2025 चा गुरुवार आला.

दुपारी दोनच्या सुमारास पहिला संदेश आला. अहमदाबादहून लंडनला निघालेले एअर इंडियाचे बोइंग 787 उड्डाणानंतर लगेच कोसळले होते. ते पडले बी. जे. मेडिकल कॉलेजच्या वसतिगृहावर, मुले जेवायला बसलेली असताना. विमानात 242 जण होते. त्यांपैकी एकच प्रवासी वाचला. जमिनीवरचे 19 जण धरून एकूण 260 माणसे गेली. हे आकडे नंतर कळले. त्या दुपारी फक्त धूर दिसत होता, आणि कोणीतरी गच्चीवरून घेतलेली काही सेकंदांची चित्रफीत. विमान वर जाते, थांबल्यासारखे होते, आणि नाक वर असतानाच खाली खाली जात घरांमागे नाहीसे होते.

तासाभरात ग्रुपवर अडीचशे संदेश झाले. पक्षी धडकले. इंधनात पाणी होते. घातपात होता. त्यातच मला पुण्याच्या एका ओळखीच्या माणसाकडून एक मजकूर आला. लिहिणारा जाणकार वाटत होता. त्याचे म्हणणे असे, की चित्रफितीत विमानाची चाके खालीच दिसतात, म्हणजे चाके वर घेण्याऐवजी सहवैमानिकाने चुकून फ्लॅप्स वर घेतले. फ्लॅप्स म्हणजे पंखांच्या मागच्या कडेचे पट्टे. उड्डाणाच्या वेळी ते थोडे खाली उतरवलेले असतात, त्यामुळे कमी वेगातही पंखांना पुरेशी उचल मिळते. ते अवेळी आत गेले तर विमान खचते. सगळे कसे चपखल बसत होते. मला, मराठीच्या पदवीधर बाईला, विमान का पडले ते दुपारी चार वाजता कळले होते!

मी तो मजकूर ग्रुपवर टाकला. वर स्वतःचे एक वाक्यही जोडले : "एका हाताची चूक, आणि इतके जीव." मला ते वाक्य चांगले जमल्यासारखे वाटले होते. ते आठवले की अजून मान खाली जाते.

संध्याकाळी पाहिले तर ग्रुपमधून एक जण बाहेर पडले होते. आम्ही त्यांना काका म्हणतो. वायुसेनेत तंत्रज्ञ होते, निवृत्त होऊन आता इकडेच शेती पाहतात. फार बोलत नसत, पण मुलांनी काही विचारले की दोन ओळींत नेमके सांगत. जाताना ते एक शब्दही बोलले नाहीत. मी रागावलेही थोडी. रात्री नऊला त्यांचाच फोन आला.

"टीचर, तुम्ही ते टाकायला नको होतं," ते म्हणाले.

मी म्हटले, "काका, मी नाही लिहिलं ते, आलेलं पुढं पाठवलं फक्त."

पलीकडे बराच वेळ काही नाही. मग त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. कोणता तळ, कोणते वर्ष हे मी लिहीत नाही. नोकरीच्या काळात त्यांच्या तळावरचे एक विमान पडले होते. वैमानिक वाचला, पण कायमचा जायबंदी झाला. उड्डाणाआधी त्या विमानाच्या कागदावर शेवटची सही काकांची होती. चौकशी सुरू झाली. कोणीही त्यांच्यावर आरोप केला नाही. एकानेही तोंडावर काही म्हटले नाही. पण मेसमध्ये ते बसले की त्या टेबलावर दुसरे कोणी बसेना. त्यांची बायको नळावर गेली की बोलणे थांबे. असे चार महिने गेले. शेवटी एका सुट्या भागाच्या धातूतच दोष असल्याचे सिद्ध झाले, आणि दुसऱ्या दिवशी सगळे पुन्हा त्यांच्या टेबलावर येऊन बसले, जणू काही झालेच नव्हते.

"मी निर्दोष सुटलो, टीचर," काका म्हणाले. "पण ते चार महिने मला कोणी परत दिले नाहीत. आज ज्या दोघांविषयी तुम्ही लिहिलंत त्यांना तर सांगायलाही तोंड राहिलं नाही. त्यांची आईबापं असतील. त्यांच्या फोनवरही हेच येत असेल."

त्या रात्री मला झोप लागली नाही. शनिवारच्या वर्गासाठी काढून ठेवलेले पुस्तक टेबलावर होते. मी बायबल उघडले आणि लूकच्या शुभवर्तमानातला तेरावा अध्याय काढला. तुम्हाला तो प्रसंग आठवत असेल. शिलोहचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली होती. यरुशलेममध्ये तेव्हाही हेच चालले असणार : कोणाच्या पापामुळे, कोणाच्या चुकीमुळे? आपल्या प्रभूने तो प्रश्नच उलटवला. मेलेले लोक इतरांपेक्षा अधिक दोषी होते असे तुम्हाला वाटते काय, असे विचारून त्याने ऐकणाऱ्यांना स्वतःकडे बघायला लावले. हा भाग मी मुलांना किती वेळा शिकवला असेन. पण माझ्या हातातल्या फोनशी त्याचा काही संबंध आहे, हे मला चाळीस वर्षे ओलांडल्यावर कळत होते.

आणि ईयोबाचे मित्र आठवले. आपण त्यांना नेहमी नावे ठेवतो. पण आल्या आल्या त्यांनी एक फार चांगली गोष्ट केली होती. आपल्या मित्राचे दुःख पाहून ते सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, आणि कोणी काही बोलले नाही. आठव्या दिवसापासून त्यांनी कारणे सांगायला सुरुवात केली, आणि तिथून सगळे बिघडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो मजकूर काढून टाकला. पण नुसता काढून टाकणे म्हणजे केर गालिच्याखाली सारणे झाले असते. म्हणून सर्वांना उद्देशून लिहिले : काल मी खात्री नसलेली गोष्ट खरी म्हणून पाठवली, ज्यांना उत्तर देता येत नाही अशा दोन माणसांना दोषी ठरवले, मला क्षमा करा. एका मुलाने ते कन्नडमध्ये करून दिले. मग एक नियम घातला. कोणताही अपघात झाला की सात दिवस कारणाची चर्चा बंद.

नियम सगळ्यांना आवडला असे नाही. कलबुर्गीला इंजिनिअरिंग शिकणारा एक मुलगा आहे, माझ्याच वर्गात पहिल्या ख्रिस्तप्रसादाची तयारी केलेला. तो म्हणाला, "टीचर, टीव्हीवर दिवसभर हेच चाललंय आणि आपण तोंडाला कुलूप लावायचं? प्रश्न विचारलेच नाहीत तर मोठी माणसं सगळं दाबून टाकतील. गप्प बसणं म्हणजेही खोट्याला मदतच की." बंधुभगिनींनो, त्याचे म्हणणे खोटे नव्हते. गप्प बसून अन्याय झाकल्याची उदाहरणे आपल्या चर्चच्या इतिहासातही आहेत. शांतता ही आपोआप पवित्र होत नाही.

मी काकांना विचारले. त्यांनी सांगितले ते मला आधी माहीत नव्हते. 1944 च्या शिकागो करारानुसार जगभरच्या नागरी विमानवाहतुकीचे नियम चालतात, आणि त्या कराराच्या तेराव्या परिशिष्टात अपघाताच्या चौकशीचा हेतू स्पष्ट लिहिला आहे. पुढचा अपघात टळावा हा तो हेतू. दोष किंवा जबाबदारी कोणावर टाकणे हे त्या चौकशीचे काम नाही. न्यायालये ते काम वेगळे करतील.

काकांनी चरखी दादरीचे उदाहरण दिले. 12 नोव्हेंबर 1996 ला दिल्लीहून चढणारे सौदी अरेबियाचे विमान आणि दिल्लीला उतरणारे कझाकस्तानचे विमान हरियाणात हवेतच एकमेकांवर आदळले. 349 माणसे गेली, दोन्ही विमानांतले कोणी वाचले नाही. कझाक विमानाला 15,000 फुटांवर राहायला सांगितले होते, ते त्याच्या खाली आले, हे चौकशीत निघाले. "आता इथंच थांबलो असतो," काका म्हणाले, "तर कझाक वैमानिकांना शिव्या घालून सगळे घरी गेले असते. पण चौकशी पुढं गेली. येणाऱ्या आणि जाणाऱ्या विमानांना एकच वाट का होती? विमान खरोखर किती उंचीवर आहे ते दाखवणारं रडार दिल्लीत का नव्हतं? मग येण्याजाण्याच्या वाटा वेगळ्या झाल्या, नवं रडार आलं, समोरून विमान येतंय असा इशारा देणारं यंत्र विमानात सक्तीचं झालं. दोषी सापडला की माणूस शोधायचं थांबतो, टीचर. धोका तिथंच राहतो."

त्या मुलाला मी हे सांगितले आणि दोघांनी मिळून नियम सुधारला. सात दिवस तीन गोष्टी चालतील : अधिकृतपणे जाहीर झालेली माहिती, यंत्र कसे चालते याचा खुलासा, आणि गेलेल्यांसाठी दोन शब्द. कोणी केले, कोणाचे चुकले, हे चालणार नाही. प्रश्न विचारता येईल, निवाडा देता येणार नाही. सात दिवसांनंतरही जो कारण सांगेल त्याने ते कुठून आणले तेही सांगायचे.

आणखी एक गोष्ट काकांमुळे कळली. 27 मार्च 1977 ला तेनेरिफे बेटावर दाट धुक्यात दोन जम्बो विमाने धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली आणि 583 माणसे गेली. शेवटच्या क्षणी नियंत्रण मनोरा एका विमानाला थांबायला सांगत होता आणि त्याच वेळी दुसरे विमान, आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत, असे कळवत होते. दोघे एकाच फ्रिक्वेन्सीवर एकाच क्षणी बोलले. ज्या कॉकपिटमध्ये हे पोचायला हवे होते तिथे खरखर तेवढी ऐकू गेली. दोन्ही निरोप जीव वाचवणारे होते. त्यानंतर मला अ‍ॅडमिनचे काम थोडे नीट समजू लागले. अडीचशे संदेशांच्या त्या दुपारी, कोणी जाणकाराने थांबा म्हटले असते तरी ते कोणाला ऐकू आले असते?

बरोबर एक महिन्याने, 12 जुलैला, अपघात तपास विभागाचा प्राथमिक अहवाल आला. दुसऱ्या दिवशी रविवार होता. मिस्सा झाल्यावर आम्ही आठ-दहा जण फादरांच्या परवानगीने वर्गाच्या खोलीत जमलो आणि तो ओळीने वाचला. मी काकांनाही बोलावले होते. येतील असे वाटले नव्हते, पण आले, मागच्या बाकावर बसले.

अहवालात लिहिले होते की उड्डाणानंतर काही क्षणांत दोन्ही इंजिनांचे इंधनाचे स्विच एका सेकंदाच्या अंतराने बंद स्थितीत गेले आणि नंतर पुन्हा चालू स्थितीत आले. कॉकपिटमध्ये एक वैमानिक दुसऱ्याला, इंधन का बंद केलेस, असे विचारतो. दुसरा म्हणतो, मी केले नाही. कोण कोणाला म्हणाला ते लिहिलेले नव्हते. स्विच कसे आणि का हलले तेही नव्हते. आणि पुढे एका ठिकाणी साधे वाक्य होते : फ्लॅप्सचा दांडा पाच अंशांवर, म्हणजे उड्डाणासाठी जिथे असायला हवा तिथेच, सापडला.

ते वाक्य त्या कलबुर्गीच्या मुलाने मोठ्याने वाचले आणि माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, "पुन्हा वाच." त्याने पुन्हा वाचले. 12 जूनला मी ज्या हाताला दोषी ठरवले होते, त्या हाताने ते केलेच नव्हते. आणि त्या हाताच्या माणसाची क्षमा मागायची सोय आता उरलेली नव्हती.

"मग दोष कोणाचा, टीचरम्मा?" एका लहान मुलीने विचारले.

"यात लिहिलेलं नाही," मी म्हटले.

"मग कधी कळणार?"

"अंतिम अहवाल येईल तेव्हा. तोपर्यंत आपल्याला माहीत नाही."

असे म्हणणे किती जड जाते ते मला त्या खोलीत कळले. धर्मशिक्षकाला, आईला, अ‍ॅडमिनला, सगळ्यांना उत्तर द्यायची सवय असते. माहीत नाही हे वाक्य आपल्याला कमीपणाचे वाटते. पण मला आता वाटते की शेजाऱ्यावर प्रीती करण्याचा तोही एक मार्ग आहे. त्याच्याविषयी जे मला ठाऊक नाही, ते ठाऊक असल्यासारखे बोलायचे नाही. याकोबाच्या पत्रात जिभेला जहाजाच्या सुकाणूची उपमा दिली आहे. केवढेसे ते सुकाणू, पण सगळे जहाज वळवते. विमानालाही सुकाणू असते, शेपटीवर. आणि आता आपल्या अंगठ्यालाही.

आपल्या धर्मग्रामातही बुरूज कोसळतात. कोणाचे लग्न मोडते. कोणाचा मुलगा दारूला लागतो. कोणाच्या हातून हिशेबात पैसे कमी पडतात. मिस्सा सुटल्यावर आंब्याच्या झाडाखाली पाच मिनिटांत कारण सापडलेले असते. मीही त्या झाडाखाली उभी राहिलेली आहे. ज्याच्याविषयी आपण बोलतो तो कुठल्या टेबलावर एकटा बसला आहे, हे आपल्याला दिसत नाही. सात दिवस थांबून पाहू या का? त्या सात दिवसांत त्याच्या घरी जाऊन नुसते बसता येईल.

काका ग्रुपमध्ये परत आलेले नाहीत. मी दोनदा विचारले, त्यांनी हसून नको म्हटले. पण त्या रविवारी निघताना त्यांनी अहवालाची प्रत मागून घेतली, आणि जाता जाता मुलांना म्हणाले, "अंतिम अहवाल आला की बोलवा. मी येईन."

आज ऑगस्टचा पहिला रविवार. बाहेर पाऊस लागला आहे. 1920 मध्ये पोपमहोदयांनी लोरेटोच्या पवित्र मारियेला विमानातून जाणाऱ्यांची आश्रयदाती म्हणून जाहीर केले. तिच्या मध्यस्थीने आज अहमदाबादच्या त्या 260 जणांसाठी, वाचलेल्या एका प्रवाशासाठी, आणि विशेषतः त्या दोन वैमानिकांच्या घरच्यांसाठी प्रार्थना करू या.

हे प्रभो, जे आकाशातून जातात त्यांना सुखरूप उतरव. जे उतरू शकले नाहीत त्यांना तुझ्याजवळ घे. ज्यांच्याविषयी आम्ही न कळता बोललो त्यांच्या घरच्यांचे सांत्वन कर. आणि सत्य कळेपर्यंत थांबण्याचे बळ आमच्या जिभेला आणि हातांना दे. आमेन.